घरच्या सर्व्हरवर गर्दीची वेबसाइट: परवडणारी इंटरनेट लाइन कशी निवडाल

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात माहेरवाशिणी घरी येतात, झोके बांधले जातात आणि अमळनेरच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीत ठेवलेल्या छोट्या संगणकावर वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी उसळते. त्याच्यावर अहिराणी गाण्यांची वेबसाइट चालते. गौराईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, सगळी गावोगावच्या बायांच्या आवाजात. पहिल्याच वर्षी रात्री आठला शिरपूरहून एका मावशींचा फोन आला, "भाऊ, गानं वाजी नही ऱ्हायनं." माझ्याकडे १०० एमबीपीएसची (सेकंदाला शंभर मेगाबिट) लाइन होती. ते १०० डाऊनलोडचे होते. अपलोड, म्हणजे घरातून बाहेर जाण्याचा वेग, किती, हे लाइन घेताना मी विचारलंच नव्हतं.

आखाजी येते एप्रिल-मेमध्ये. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकलेला असतो, दुपारची लाइट जाते ती याच दिवसांत, आणि रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या करणारं वळवाचं वादळही याच सुमाराला सुटतं. लाइनीची परीक्षा एकाच आठवड्यात होते. त्यानंतर लाइनी बदलत, तपासत मी ज्या मतावर आलो ते आधीच सांगतो: घरून वेबसाइट चालवायची तर एका महागड्या लाइनीपेक्षा वेगवेगळ्या वाटेनं येणाऱ्या दोन स्वस्त लाइनी घ्याव्यात, आणि त्यांच्यापुढे मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये एक छोटं दार ठेवावं. ते कसं करायचं, ते क्रमानं पाहू.

आधी स्वतःची गर्दी मोजा

लाइनवाल्याला फोन लावण्याआधी सर्व्हरचे लॉग, म्हणजे भेटींच्या नोंदी, उघडा. तीन आकडे काढायचे आहेत: सगळ्यात गर्दीच्या तासात किती पानं उघडली गेली, एका पानामागे सरासरी किती डेटा गेला, आणि महिन्याला एकूण किती डेटा बाहेर पडला.

समजा, रात्री आठ ते नऊ या तासात ६,००० पानं उघडली आणि एका पानाचं वजन, गाणं धरून, दीड एमबी आहे. एकूण झाले ९ जीबी. एका बाइटचे आठ बिट, म्हणून आठानं गुणून गिगाबिट केले की ७२, आणि तासाच्या ३,६०० सेकंदांनी भागलं की २० एमबीपीएस. ही झाली सरासरी. लोक सगळा तास सारख्या अंतरानं येत नाहीत. कुणीतरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिंक टाकतं आणि पाच मिनिटांत झुंबड उडते. म्हणून सरासरीला तिनानं गुणा: ६० एमबीपीएस अपलोड. आता महिन्याचं पाहा. रोज एक लाख पानं म्हणजे १५० जीबी, महिन्याला साडेचार टीबी. हा साडेचारचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लाइन शोधायला निघण्याआधी हेच पान हलकं करून पाहा. सगळ्यात स्वस्त बँडविड्थ तीच. तीन मिनिटांचं गाणं ६४ केबीपीएसवर ठेवलं तर साधारण १.४ एमबी होतं, आणि एकट्या बाईच्या आवाजासाठी ऑपस या ऑडिओ फॉरमॅटमध्ये ३२ केबीपीएससुद्धा स्वच्छ ऐकू येतं, म्हणजे वजन निम्मं. गाणं पान उघडताच लोड होऊ देऊ नका, बटण दाबल्यावर सुरू होऊ द्या. फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये टाका. देवनागरी फॉन्टकडे मात्र मुद्दाम बघा: जोडाक्षरांमुळे तो इंग्रजी फॉन्टपेक्षा बराच जड असतो आणि लोक दोन-तीन जाडीचे फॉन्ट सहज जोडून ठेवतात. एकच ठेवा, वॉफ-२ या वेबसाठीच्या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये. एवढ्यानं माझं सरासरी पान दीड एमबीवरून अर्ध्या एमबीवर आलं. वरचाच हिशेब पुन्हा केला तर ६० चे २० एमबीपीएस होतात आणि साडेचार टीबीचे दीड.

अपलोड किती, तेही लेखी

बघणाऱ्याचं डाऊनलोड ते तुमचं अपलोड. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो आकडा डाऊनलोडचा. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या एडीएसएलमध्ये डाऊनलोड २४ एमबीपीएसपर्यंत गेलं तरी अपलोड एखाद-दीडच्या पुढे सरकत नसे. टीव्हीच्या केबलवरून येणाऱ्या नेटचंही थोड्याफार फरकानं तेच. म्हणून वेबसाइटसाठी फायबर, आणि तोही दोन्ही बाजूंना सारखा वेग देणारा प्लॅन घ्या. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच घरगुती फायबर प्लॅनमध्ये अपलोड-डाऊनलोड सारखं मिळतं. गल्लीतल्या केबलवाल्याकडे हे प्लॅनगणिक बदलतं.

फायबर असली तरी ती तुमच्या एकट्याची नसते. घरोघरी जी जीपॉन पद्धत वापरतात, तिच्यात एका धाग्यावर खाली येताना जवळपास २.५ गिगाबिट आणि वर जाताना १.२५ गिगाबिट मिळतात. हा धागा खांबावरच्या स्प्लिटरमधून (प्रकाश वाटून देणाऱ्या डबीतून) ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ६४ घरांनी एकाच वेळी अपलोड केलं तर वाट्याला येतात जेमतेम १९ एमबीपीएस. प्रत्यक्षात सगळे एकदम अपलोड करत नाहीत, म्हणूनच घरगुती लाइन स्वस्त पडते आणि म्हणूनच आपलं काम चालतं. तरीही "एका स्प्लिटरवर किती घरं आहेत?" हे विचाराच. जो लाइनमन लगेच आकडा सांगतो, त्याला आपलं जाळं माहीत असतं.

प्लॅनचं अपलोड व्हॉट्सॲपवर लिहून मागा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तेवढाच पुरावा हातात राहतो.

लाइन आली की अपलोड कधीही काठोकाठ भरू देऊ नका. अपलोड तुडुंब झालं की राउटरमध्ये पॅकेटची रांग लागते आणि वेबसाइटबरोबर घरातलं सगळंच नेट रेंगाळतं. ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर असेल तर एसक्यूएम, म्हणजे रांग आवरणारी सोय, सुरू करून, मोजलेल्या अपलोडच्या ९० टक्क्यांवर मर्यादा लावा. वरचे दहा टक्के गेले तरी चालतील. रांग आपल्या हातात राहते, हे जास्त मोलाचं.

तुम्हाला खरा पत्ता मिळतोय का?

आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते एप्रिल २०११ मध्येच संपत आले. तेव्हापासून कंपन्या शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. चाळीला एकच पत्ता आणि आतल्या खोल्यांना नंबरच नाहीत, असा हा प्रकार. तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरचा माणूस तुमचं दार शोधू शकत नाही.

तपासणी दोन मिनिटांची आहे. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी पत्ता बघा, मग "माझा आयपी" सांगणाऱ्या एखाद्या साइटवर बघा. दोन्ही वेगळे दिसले, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असला, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला.

यावर उपाय तीन. पहिला, स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, विकत घेणं. ठिकठिकाणचे छोटे आयएसपी (नेट पुरवणारे) तो वर्षाच्या बोलीवर देतात. मोठ्या कंपन्यांच्या घरगुती प्लॅनमध्ये तो बहुधा मिळत नाही, बिझनेस प्लॅन घ्या म्हणतात. दुसरा, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांचं नवं रूप. आपल्याकडे ते आता घराघरांत पोचलं आहे आणि त्यात तुमच्या मशीनला स्वतःचा खरा पत्ता मिळतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये ४४३ पोर्ट (सुरक्षित वेबसाइटचं दार) उघडावं लागतं. फक्त आयपीव्ही४ असलेला पाहुणा थेट पोचणार नाही, पण पुढे क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन, म्हणजे साइटच्या पुढे उभं राहणारं सर्व्हरांचं जाळं, ठेवलं तर ते दोन्ही प्रकारच्या पाहुण्यांना घेतं आणि मागून तुमच्याशी आयपीव्ही६ वर बोलतं. तिसरा उपाय बोगद्याचा. मी तोच वापरतो, त्यावर पुढे येतो.

स्टॅटिक आयपी घेतलात तरी ८० (साधी वेबसाइट) आणि २५ (मेल) हे पोर्ट उघडे आहेत का, ते पैसे देण्याआधी विचारा. घरगुती लाइनीवर ते बंद ठेवायची पद्धत आहे. ८० बंद असलं तरी लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षा-प्रमाणपत्र डीएनएसच्या (साइटच्या नावाच्या नोंदीच्या) पडताळणीनं मिळतं, त्यासाठी अडून बसू नका. २५ बंद असेल तर मेल सर्व्हर घरी चालणार नाही, आणि खरं सांगायचं तर तो घरी चालवूही नये. घरगुती पत्त्यावरून गेलेली मेल बहुतेक ठिकाणी स्पॅममध्ये पडते.

"अनलिमिटेड" या शब्दामागचा आकडा

मोठ्या कंपन्यांच्या घरगुती फायबर प्लॅनवर वाजवी वापराची, म्हणजे एफयूपीची, मर्यादा बहुधा ३,३०० जीबी असते. घरासाठी ती प्रचंड आहे. आता सर्व्हरच्या नजरेनं बघा: ३,३०० जीबी महिनाभर सारखे वाटले तर निघतात फक्त १० एमबीपीएस. प्लॅन १०० चा असो की ३०० चा, महिनाभर दिवसरात्र चालवायला हक्काचे दहाच. मघाचा साडेचार टीबीचा आकडा इथे विसाव्या-बाविसाव्या दिवशी भिंतीवर आपटतो आणि उरलेले आठ दिवस साइट रांगते. हलकं केलेलं दीड टीबीचं पान आरामात बसतं. बहुतेक ठिकाणी अपलोड आणि डाऊनलोड दोन्ही मिळून मोजतात, त्यामुळे घरातल्या टीव्हीचा वापरही यातच धरा. एअरफायबरसारख्या ५जीवरच्या लाइनींना मर्यादा आणखी कमी असते आणि अपलोडही तोकडं असतं. पहिली लाइन म्हणून ती घेऊ नका.

अटींचं पानही वाचा. घरगुती प्लॅनवर सर्व्हर चालवायला काही कंपन्यांची मनाई असते. तसं असेल तर बिझनेस ब्रॉडबँड घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण ऐन गर्दीत लाइन बंद होण्याची टांगती तलवार राहत नाही.

खांब, रस्ता आणि फोन उचलणारा माणूस

आपल्याकडे लाइन बंद पडते ती तंत्रामुळे कमी आणि जेसीबीमुळे जास्त. रस्त्याचं रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन, गटारीचं काम. धुळे-जळगाव महामार्गाच्या कडेनं गेलेल्या फायबरनं हे सगळं सोसलेलं आहे. म्हणून दोन लाइनी घेताना त्या दोन वाटांनी याव्यात.

यासाठी सकाळी तासभर काढून गल्लीतून चाला. पहिल्या कंपनीची तार तुमच्या घरापासून कोणकोणत्या खांबांवरून जाते ते बघा, मग दुसरीची. माझ्या गल्लीत दोन्ही तारा एकाच कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला एकाच तारेनं बांधलेल्या होत्या. तो खांब ट्रकनं वाकवला असता तर दोन्ही एकदम गेल्या असत्या. दुसऱ्या लाइनवाल्याला मागच्या बोळातून तार आणायला सांगितली. त्यानं चाळीस मीटर जास्त तारेचे पैसे घेतले, मी आनंदानं दिले.

गावाबाहेरचं चालून कळत नाही. त्यासाठी दोन्ही लाइनींवरून मुंबईतल्या एकाच पत्त्यावर ट्रेसरूट चालवा, ते वाटेतले टप्पे दाखवतं. केबलवाल्याची लाइन पुढे ज्या कंपनीच्या जाळ्यात शिरते, तीच तुमची दुसरी लाइन देणारी कंपनी निघाली, तर तुमच्या दोन लाइनी गावाबाहेर एकच आहेत. असं निघालं तर एक बदला.

आता विजेचं. जीपॉनमधला स्प्लिटर विजेशिवाय चालतो, त्यामुळे आपल्या घरी इन्व्हर्टर असला आणि कंपनीच्या ओएलटीला (फायबर जिथून निघते त्या यंत्राला) बॅटरी असली की गावाची लाइट गेली तरी नेट चालतं. काही केबलवाले मात्र अजून खांबावरच्या डब्यात साधा स्विच बसवतात. त्या डब्याची लाइट गेली की तुमचा इन्व्हर्टर काही करू शकत नाही. म्हणून हा प्रश्न शब्दशः विचारा: "तुमची ओएलटी कुठे आहे, आणि लाइट गेल्यावर बॅटरी किती तास चालते?"

लाइनमनला जोडणीच्या दिवशीच ओएनटीच्या (घरातल्या फायबरच्या डब्याच्या) पानावरची प्रकाशाची पातळी दाखवायला सांगा. ती उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या दरम्यान असली तर जॉइंट चांगला बसलाय. उणे २७ च्या पलीकडे गेली की लाल दिवा लागायला फार वेळ लागत नाही. तो आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात तो दोन-तीननं घसरला तर कुठेतरी जॉइंटमध्ये पाणी शिरलंय किंवा तार दुमडलीय, आणि तुटायच्या आधी माणूस बोलावता येतो.

गल्लीतल्या केबलवाल्याची बाजू इथे भक्कम आहे. मोठ्या कंपनीचं तिकीट दोन दिवस फिरतं, तोवर हा मुलगा शिडी घेऊन खांबावर चढलेला असतो. शेजारच्या तीन घरांत विचारा, "मागच्या वेळी बंद पडली तेव्हा किती तासांत आली?" ब्रोशरपेक्षा या उत्तरावर विश्वास ठेवा.

सातपुड्याच्या बाजूला, धडगाव-अक्कलकुव्याकडे, दोन फायबर मिळणं अवघड आहे. तिथे सर्व्हर जवळच्या तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडे ठेवणं शहाणपणाचं. शेतातलं घर गावापासून तीन-चार किलोमीटरवर असेल आणि मध्ये झाडी नसेल, तर दोन गच्च्यांवर ५ गिगाहर्ट्झच्या डिश समोरासमोर लावून गावातली फायबर शेतात नेता येते.

दोन लाइनी, पुढे एक दार

दोन लाइनी लावल्या म्हणजे आपोआप काम झालं, असं होत नाही. राउटरमधला फेलओव्हर (एक लाइन गेली की दुसरीवर जाणं) घरातून बाहेर जाणाऱ्यांसाठी असतो. बाहेरून येणाऱ्याला जुनाच पत्ता माहीत असतो. यावरचा शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे इंटरनेटच्या जाळ्यात स्वतंत्र ओळख देणारा एएस नंबर, किमान २५६ पत्त्यांचा गट आणि दोन्ही कंपन्यांशी बीजीपी, म्हणजे आपल्या पत्त्यांची वाट कळवायची पद्धत. तो घरगुती खर्चात बसत नाही.

परवडणारा उपाय असा. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये सगळ्यात छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घ्या. महिन्याला चार-पाचशे रुपयांपासून मिळतो. त्याचा पत्ता कायम आणि सार्वजनिक असतो. घरच्या सर्व्हरवरून त्याच्याकडे वायरगार्डचे दोन बोगदे (कुलूपबंद जोडण्या) काढा, प्रत्येक लाइनीवरून एक. बोगदा आतून बाहेर उघडतो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. व्हीपीएसवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवून पहिल्या बोगद्याला मुख्य आणि दुसऱ्याला बॅकअप म्हणा.

चार ठिकाणी लोक अडकतात, मीही अडकलो होतो. एक, घरच्या बाजूला राउटिंगचे नियम लिहून प्रत्येक बोगदा आपापल्या लाइनीनंच जाईल असं करा, नाहीतर दोन्ही एकाच लाइनीतून जातात आणि तुम्हाला कळतही नाही. दोन, कीपअलाइव्ह, म्हणजे बोगदा जागा ठेवणारा इशारा, २५ सेकंदांवर ठेवा, नाहीतर सीजीनॅट शांत बोगदा विसरून जातं. तीन, पीपीपीओईनं (युजरनेम-पासवर्डनं) जोडणाऱ्या लाइनीवर बोगद्याचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचं कमाल माप, १४२० ऐवजी १४१२ ठेवा. पान अर्धंच उघडून अडकतं तेव्हा कारण बहुधा हेच असतं. चार, एनजिनएक्स मागच्या सर्व्हरशी जोडणीसाठी मुळात ६० सेकंद वाट बघतो. ते दोन-तीनवर आणा. गाण्यासाठी एक मिनिट कुणी थांबत नाही.

गाणी आणि फोटो व्हीपीएसवरच कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवले की घरच्या लाइनीवर फार थोडं ओझं उरतं. व्हीपीएसच्या महिन्याच्या डेटाची मर्यादा तेवढी बघून घ्या. हे सगळं नको असेल तर क्लाउडफ्लेअरचा फुकट टनेल हेच काम करतो, दहा मिनिटांत. तिथे तुमच्या वाचकांची कुलूपबंद वाहतूक तिसऱ्याच्या घरी उघडली जाते, एवढं समजून घ्या. मला बायांचे आवाज आणि ते ऐकणाऱ्यांच्या नोंदी स्वतःकडे ठेवायच्या होत्या, म्हणून मी व्हीपीएस निवडला. नोंदींवरून आठवलं: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस जपणं आणि सायबर घटना सहा तासांत कळवणं सांगितलंय. संस्थेची किंवा कंपनीची साइट असेल तर तो वाचून घ्या.

खर्च आणि बोली

१०० एमबीपीएसचा घरगुती फायबर प्लॅन मोठ्या कंपनीकडे सातशे-आठशे रुपयांच्या घरात मिळतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. जाहिरातीतले ६९९ बिलावर ८२५ होतात, हे धरूनच तुलना करा. दुसरी लाइन केबलवाल्याची ४०-५० एमबीपीएसची पुरते. व्हीपीएस धरून सगळं दोन हजारांच्या आत बसतं. फक्त तुमच्यासाठी राखलेल्या लीज लाइनचं बिल याच्या कितीतरी पट येतं. तिच्यात १:१ वेग, स्टॅटिक आयपी आणि लेखी हमी मिळते. पण हमीचा आकडाही फोडून बघा: ९९.५ टक्के म्हणजे महिन्याला साडेतीन तासांहून जास्त बंद चालतं, आणि त्याची भरपाई बिलातून थोडे पैसे वजा करूनच मिळते. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या, दिवसाला लाखांची उलाढाल असलेल्या दुकानाला लीज लाइन शोभते.

वर्षाचे पैसे भरले तर एक-दोन महिने फुकट मिळतात. तरी आधी एक महिन्याचेच भरा. त्या महिन्यात दर पाच मिनिटांनी पिंग आणि दिवसातून चारदा अपलोडची चाचणी आपोआप नोंदवत ठेवा. त्यातली एक चाचणी रात्री आठ ते अकराच्या दरम्यान हवीच. दुपारी तीनचा वेग बघून लाइन पसंत केली तर रात्री फसगत होते.

सर्व्हर म्हणून जुना डेस्कटॉप नको. १५ वॅटचा मिनी पीसी महिन्याला अकरा युनिटांत भागवतो, ६० वॅटचा डेस्कटॉप त्रेचाळीस युनिट खातो आणि उन्हाळ्यात खोली तापवतो. मशीन पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका. दोन्ही ओएनटी, राउटर आणि मिनी पीसी मिळून ४० वॅट धरले, तर १५० एएचची चांगली बॅटरी फक्त त्यांना दिवसभर सहज पुरते. पंखे त्या इन्व्हर्टरवर टाकू नका.

शेवटची चाचणी हातानं करायची. आखाजीच्या आधीच्या रविवारी रात्री आठला मी आईला ओट्यावर फोन घेऊन बसवतो आणि एकामागून एक गाणी लावायला सांगतो. मागच्या खोलीत जाऊन पहिल्या लाइनीची पिवळी पॅच कॉर्ड उपसतो, लाल दिवा लागेपर्यंत थांबतो आणि कान देतो. ओट्यावर पुढचं गाणं लागलं, की कॉर्ड परत खोचून दुसरी उपसतो.